बांधावरचे नंबर

१७ मे, रविवार

आजपासून मी सरकारी कामावर. पगार नाही. पेट्रोल वहिनीचं, बोलणी दादाची.

समीक्षा वहिनीला जनगणनेची ड्युटी लागली आहे. ती खारघेरीच्या शाळेत शिक्षिका. खारघेरी म्हणजे पेणच्या पलीकडे, धरमतरच्या खाडीला चिकटलेलं गाव. राहायला मात्र आम्ही रोह्याला, अष्टमीत. आम्ही म्हणजे ती आणि प्रविणदादा. मी त्यांच्या पुढच्या खोलीत, जाईपर्यंत. कुठे जाणार ते ठरलेलं नाही, पण बॅग उघडून कपाटात काही लावलेलं नाही. लावलं की माणूस राहतो.

तिची स्कूटी दादाने कुलूप घालून ठेवली आहे. विचारलं तर म्हणाला, "ब्रेक गेलेत." मी दाबून बघितले, चांगले आहेत. तर आता वहिनी रोह्याहून पेणला रेल्वेने येणार आणि मी रिकामी बाईक घेऊन पेण स्टेशनवर उभा राहणार. म्हटलं, इथूनच मागे बस की. तर दोघं एकदम "नाय" म्हणाले. शिकलेल्या माणसांचं पैशाचं गणित मला कळत नाही.

अटी घातल्यात. गाडी तिसाच्या वर न्यायची नाही. खड्डा आला की थांबून तिला उतरू द्यायचं. घरांवरचे नंबर मी रंगवायचे, आणि लोकांसमोर तोंड उघडायचं नाही.

"एवढं काय घाबरतेस?" मी म्हटलं.

"भावजी, माहिती न देणाऱ्याला दंड आहे, तसा काम पुरं न करणाऱ्यालाही आहे. लोकांना कोण धरायला जातंय? आधी मला धरतील. चौदा जूनच्या आत माझ्या यादीतलं एक घर राहिलं तरी नोकरीवर येईल."

भावजी म्हणाली म्हणजे टोमणा. एरवी नितेश म्हणते.

२० मे, बुधवार

नंबर रंगवायचं काम मला आवडलं. मागच्या साली हमरापूरला गणपतीच्या कारखान्यात होतो. डोळे आखायला देत नव्हते, पण पितांबराच्या काठापर्यंत मजल गेली होती. तिथलाच ब्रश आहे. मी नऊचा आकडा असा काढतो की शेपटीला सोंडेसारखा बाक येतो. एका घरातली वैशाली म्हणून बाई म्हणाली, "आमच्या नंबराशेजारी एक फूल काढा ना." काढलं. मग शेजारणीला पण पाहिजे. वहिनी मागून आली, म्हणाली, "भावजी, हे सरकारी नंबर आहेत, लग्नाचा मांडव नाही."

प्रश्न भरपूर आहेत. भिंत कसली, छप्पर कसलं, पाणी कुठून, मुख्य धान्य कोणतं खाता. ह्या प्रश्नाला सगळे हसतात. "भात. दुसरं काय, मीठ?" एका काकांनी विचारलं, "टीव्ही हाय, पन चालत नाय. हाय लिवू का नाय?" वहिनी प्रत्येकाला न कंटाळता समजावते. मी तेवढ्यात जेटीवर जाऊन बार्ज बघून आलो. कोळसा उतरत होता. एकाशी ओळख झाली, म्हणाला, माणूस लागतो अधूनमधून. नंबर घेतला त्याचा.

परत आलो तर वहिनी उन्हात उभी, दोन घरं रंगवायची राहिलेली. पाणी मागितलं फक्त.

२३ मे, शनिवार

आज मी एकट्याने जनगणना केली. हे कुठे बोलायचं नाही, म्हणून इथे लिहितो.

खारघेरीचं गाव संपलं की खाडीचा बांध लागतो. बांधाच्या टोकाला मिठागरवाल्यांची आळी आहे, वीसेक घरं. गाडी जात नाही. बांधावरून चालत जायचं, आणि मध्ये एका ठिकाणी बांध फुटलाय तिथे माडाचे दोन ओंडके टाकलेत. त्यावरून पलीकडे. खाली चिखल.

वहिनी ओंडक्यांपर्यंत आली. बघत राहिली. मग म्हणाली, "नितेश, तू जा."

"मी? मला कुठे परवानगी आहे?"

"नाहीच आहे. कळलं तर माझी नोकरी जाईल. माझा फोन घे, जमेल तेवढी घरं विचारून ये, पाठवायचं बटण दाबू नकोस, ते मी दाबीन. कोणी विचारलंच तर मॅडम मागून येतायत म्हण."

ती शाळेजवळच्या पिंपळाखाली जाऊन बसली. मागच्या वर्षी ह्याच ओंडक्यांवरून आळीतल्या पोरांना हाताला धरून शाळेत आणायची. आता ऊन सोसत नाही म्हणते.

पहिली घरं पटापट झाली. नंबरही झकास आले. मधल्या घरांना कडी होती, माणसं मिठावर, तिथे नुसते नंबर काढले. शेवटच्या घरात एक म्हातारी सूप घेऊन बसलेली, धोंडुबाई. भिंत, छप्पर, पाणी, सगळं सांगितलं. मग मी विचारलं, "कुटुंबप्रमुखाचं नाव?"

"घरवाल्यांचं लिव."

"पण त्यांचं नाव काय?"

तिने पदर तोंडाला लावला आणि हसायला लागली. "मना विचारतंस? लगीन झाल्यापासून ते नाव या तोंडातून नाय निंगालं. ते मिठाच्या कोंडीत पानी तोडायला गेलेत, येतील सांजचे, त्यांनाच विचार."

"आजी, हा सरकारी प्रश्न आहे."

"सरकारला त्यांचं नाव ठाव नाय? मतदानाला बरं बोलावतं."

मला जेटीवर जायचं होतं. ऊनही डोक्यात गेलं होतं. वहिनीच्या प्रशिक्षणाच्या कागदात शिक्षेचं पान मी काल वाचलेलं, ते तोंडावर आलं. म्हटलं, "नाव नाय सांगितलं तर हजार रुपये दंड. आणि वर तीन वर्षं आत."

हसणं थांबलं तिचं. "मना?"

"दोघांना."

तिने सूप उचललं, आत गेली आणि दार लावलं.

मी दारावर नंबर काढून आलो. वहिनीला सांगितलं, बंद घरं राहिलीत, आणि एका घराचं नाव नंतर मिळेल. काम जरा अर्धवट झालं, पण लोकांना कायदा कळला पाहिजे. नाहीतर कोणीच काही सांगणार नाही.

२५ मे, सोमवार

आळीतले सगळे नंबर पुसले आहेत. पुसले म्हणजे खाडीचा चिखल घेऊन हाताने लिंपलेत. माझा नऊ तर असा लिंपलाय की बोटं दिसतात.

एकही दार उघडेना. शेवटी धोंडुबाईची सून अनिता बाहेर आली, हातात कोयता, मासळी कापत असेल. "मॅडमनी पाठवलेला तो तूच काय?"

"हो, पण—"

"आमच्या सासूनं परवापासून अन्न नाय घेतलं. म्हनते, माज्यामुलं त्यांना तुरुंगात नेतील. रातची उठून बसते. नाव घेऊ का, घेऊ का, करते आनि रडते. नाव घेतलं तर नवऱ्याचं आविष्य जातं असं ती मानते, तुला ठाव नाय? तुजी आजी नव्हती काय?"

"मी फक्त कायदा—"

"लिव मग तुजा कायदा. या आलीत कोनी ऱ्हात नाय. सगली घरं खाली हायेत. जा."

वहिनीला सांगावंच लागलं. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने पिशवीतून कागद काढले, बोट ठेवलं आणि मला वाचायला लावलं. त्यात आहे की कुठल्याही बाईला नवऱ्याचं नाव सांगायची सक्ती नाही, रिवाजाने जे नाव ती घेत नाही ते तिला विचारून घ्यायचं नाही. स्वातंत्र्याच्या पुढच्याच वर्षीचा कायदा. म्हणजे तेव्हा दिल्लीत बसून कोणाला तरी धोंडुबाई माहीत होती.

"शिक्षेचं पान वाचलंस," वहिनी म्हणाली. "त्याच्या आधीचं नाही वाचलंस."

"मग तिला दंड नाही?"

"नाही."

"नंबर पुसल्याचा तरी?"

"तो आहे. कर तक्रार. मग ते सांगतील कोण आलं होतं."

संध्याकाळी मी गाडी विसावर आणली.

२८ मे, गुरुवार

वहिनीला कारणे दाखवा नोटीस आली. एवढ्या लवकर येते हे मला माहीत नव्हतं. वरच्या साहेबांना फोनवरच दिसतं कुठली घरं झाली, कुठली नाही. बांधावरची वस्ती का राहिली ते लेखी द्या, नाहीतर कायद्याप्रमाणे कारवाई. जो कायदा मी म्हातारीला दाखवला, तोच.

आज ती स्वतः निघाली होती. मी गाडी लावेपर्यंत ओंडक्यांपाशी पोचली. एक पाय ठेवला. मागे घेतला. परत ठेवला. मग तिथेच खाली बसली, पोटाशी पिशवी धरून. एवढी भित्री नाही ती.

जेवताना दादा म्हणाला, "ऑफिसात खरं काय ते सांग ना. एका मिनिटात ड्युटी काढतील."

"आत्ता कोणाला सांगायचं नसतं. आई म्हणाल्यात, तीन महिने बोलू नका."

"आणि मागच्या वेळी? तेव्हा पण गप्प राहिलीस आणि शाळेच्या शिबिराला गेलीस. काय झालं?"

"प्रविण, तो बसलाय इथे."

मागच्या वेळी म्हणजे दिवाळीनंतर ती पेणच्या दवाखान्यात दोन दिवस होती तेव्हाचं असणार. मी तेव्हा पनवेलला डिलिव्हरी करत होतो. मला वाटतं स्कूटीवरून पडली असणार, म्हणूनच ब्रेकचं नाटक. आई अजून तिला रागावत असेल. आपल्या घरात पडल्याचं पण गुपित ठेवतात.

माझ्यामुळे झालंय सगळं. हे लिहिलं की पुढे काय लिहायचं सुचत नाही.

१ जून, सोमवार

बाईक घरी ठेवून एसटीने खांबला आलोय. हायवेवर साहिलचं पंक्चरचं दुकान आहे, शाळेतला दोस्त. त्याच्या काकाचा ट्रक संध्याकाळी गोव्याला जातोय. बॅग तयारच होती, हा फायदा.

हिशेब साधा आहे. मी नसलो तर चौकशीत कोण सापडणार? वहिनी म्हणू शकेल, कोण आला होता मला माहीत नाही. हे तिला समोर बोललो नाही. बोललो असतो तर तिने जाऊ दिलं नसतं, किंवा दिलं असतं. दोन्ही नको होतं.

साहिल म्हणाला, "तू गेल्या साली पन असाच आलेलास. कारखान्यात काय झालेलं तेव्हा?"

"काय नाय. कंटाळा."

"येवढा कंटाळा येतो तर टायर उघड एक."

दोन टायर उघडले. ट्रकला उशीर होतोय.

वहिनीचा फोन आला. मला वाटलं आता रडेल, नाहीतर शिव्या देईल. म्हणाली, "हेल्मेट कुठे ठेवलंस? स्टेशनहून रिक्षाने जाईन मी, पण घरी हेल्मेट दिसत नाही."

"माझ्याकडे आहे."

"बरं. मग राहू दे." आणि ठेवला.

हेल्मेट घेऊन गोव्याला ट्रकने निघालेला मी पहिलाच असेन.

रिक्षा वडखळच्या पुढे सगळी खड्ड्यांतून जाते. हे लिहिताना आठवलं.

३ जून, बुधवार

परत आलो. काल. दादाने ताट वाढलं आणि स्वतःच्या ताटातला तळलेला बोंबील माझ्या ताटात टाकला. वहिनी तेव्हा बाहेर ओट्यावर जाऊन बसली होती.

आज फोन, ब्रश, काही न घेता एकटा मिठागरावर गेलो. पावसाच्या आधी मीठ उचलून ढिगाला पेंढा घालायची घाई असते. धोंडुबाई टोपल्या भरत होती. मला बघितलं आणि बघितलं नाही असं केलं.

"आजी, मी चुकलो. तुम्हाला दंड नाही. नाव सांगायचं नाही असं कायद्यातच आहे."

ती टोपली भरत राहिली.

"आजी."

"वज उचलतंस काय नुसतंच बोलतंस?"

उचललं. मिठाची टोपली डोक्यावर घेतली की पाणी गळून मानेवरून पाठीत जातं, आणि पाठ तापते. अनिता पाठीमागून, "लवकर चाल रं, सरकार." आळीतल्या बायका हसल्या. दुपारपर्यंत मी कोंडीपासून ढिगापर्यंत ये-जा केली. पायाला चिरा पडल्यात, त्यात मीठ. जास्त लिहीत नाही.

जेवायच्या वेळी धोंडुबाईने भाकरी दिली. तेव्हा म्हणाली, "आनि तुजी मॅडम? तिला यायला लाज वाटली काय? आमच्या पोरांचं नाक पुसायची ती. आता नोकराला पाठवते."

"मी नोकर नाही, दीर आहे. तिला चक्कर येते हल्ली. ओंडक्यांपर्यंत येते आणि मागे फिरते."

"मंग घरी काय खाते?"

"काय नाही. भात शिजला की उठून जाते. बोंबील तर घरात तळायची सोय नाही, लगेच ओट्यावर. मागच्या आठवड्यात वालाचं बिरडं केलं तर म्हणाली, वास येतो. तिच्या आवडीचं आहे ते. मग अर्ध्या रात्री कैरी मागते. आमचा दादा पण मूर्ख, जातो आणायला."

धोंडुबाईचा घास हातात राहिला. अनिताकडे बघितलं. अनिताने तिच्याकडे.

"आनि ती त्या वंडक्यावर चढली?" म्हातारी म्हणाली.

"एक पाय ठेवला फक्त."

"तिला वाहनावरून आनतंस तू?"

"पेणपासून. तिसाच्या खाली."

"येडा हायस रं तू," ती म्हणाली, पण ह्या वेळी आवाज वेगळा होता. "आयक. तिला सांग, शुक्करवारी पिंपलाखाली बसून रा. बांधावर पाय ठेवू नको. आनि तू आनलीस ना बांधावर, तर टंगडी मोडीन तुजी."

उन्हाचा एवढा धसका मिठागरवाल्यांनी घ्यावा हे नवल आहे.

५ जून, शुक्रवार

वहिनीला नुसतं सांगितलं होतं, पिंपळाखाली बस, काय होतंय बघू. ती म्हणाली, "काही होणार नाही." नोटिशीचं उत्तर लिहून आणलेलं, त्यावर सही करायची बाकी होती. उत्तरात माझं नाव नव्हतं. "वस्तीवर पोचण्यास मी असमर्थ ठरले," एवढंच.

दहाच्या सुमाराला बांधावर माणसं दिसायला लागली. एकामागे एक, ओंडक्यांवरून. मीठ अर्धं टाकून आली होती, पायावर पांढरं तसंच. पुढे एक वाळका उंच म्हातारा. तो वहिनीसमोर येऊन उभा राहिला, टोपी काढली आणि शाळेत हजेरी दिल्यासारखा म्हणाला, "कान्हू धर्मा म्हात्रे. मी माजं नाव सोता सांगतो. हिला विचारू नका."

मागे धोंडुबाई, मान दुसरीकडे करून. नाव दुसऱ्याने घेतलेलं पण ऐकायचं नसतं की काय कोण जाणे. पण गालात हसत होती.

वहिनीने एकेका घराचं सगळं पहिल्यापासून स्वतः विचारलं. मी विचारलेलं सगळं आधी पुसून टाकलं. तिला एकदाही उठावं लागलं नाही. बायका येऊन तिच्या भोवतीच बसल्या. ऊन सरकलं तशी कोणी न सांगता सतरंजी सरकवली. अनिताने शहाळं फोडून दिलं, पण आधी हातावर थोडं घेऊन चाखलं. काहीतरी हळू बोलायच्या, मी जवळ गेलो की गप्प. एकदा वहिनी रडत होती आणि धोंडुबाई तिची पाठ चोळत होती. मी म्हटलं, "नोटीस फाडून टाक आता," तर सगळ्या माझ्याकडे बघून हसल्या.

निघताना धोंडुबाईने कमरेची पुरचुंडी सोडली. ह्या सालचं पहिलं मीठ. मुठीत घेऊन वहिनीवरून ओवाळलं, डोक्यापासून पायापर्यंत, तोंडाने पुटपुटत, आणि बांधापलीकडे खाडीत टाकलं. उरलेलं वहिनीच्या पदरात बांधलं. "घरी पन काड. कुनाला सांगू नको."

"काय सांगू नको?" मी विचारलं.

"तुला नंबर येतात ना काडायला? जा, काड जा. आनि माज्या दारावर फूल पायजे."

पाठवायचं बटण वहिनीने तिथेच दाबलं. रेंज नव्हती. आम्ही सगळे, म्हणजे आख्खी आळी, तिच्या फोनकडे बघत बसलो. मग गेलं.

मी ओंडके ओलांडून गेलो आणि वीसच्या वीस नंबर परत काढले. चिखल आधी ओल्या फडक्याने पुसावा लागतो, नाहीतर रंग धरत नाही. फुलं सगळ्यांना काढली. वहिनी काही बोलणार नव्हती, तिला दिसणारच नव्हती.

८ जून, सोमवार

नोटीस मिटली. साहेब म्हणाले, उशीर झाला पण काम स्वच्छ आहे. जेटीवाल्याचा फोन आला होता, बार्जवर माणूस पाहिजे, लगेच. उद्या सांगतो म्हटलं. काम झालंय. आता इथे बसून काय करू? बॅग दारामागेच आहे.

वहिनी आता भात खाते थोडा, मीठ घालून. दादा त्या पुरचुंडीतलं मीठ कोणाला हात लावू देत नाही.

१२ जून, शुक्रवार

जेटीवाल्याला रविवारी येतो म्हणून कळवलं. वहिनीला अजून बोललो नाही. ती रोज विचारते, उद्या भाजी कुठली आणू. मी कुठलीही सांगतो.

१३ जून, शनिवार

आज आमच्याकडे जनगणना आली. अष्टमीचे गुरुजी, घामाघूम, गळ्यात ओळखपत्र. वहिनीने त्यांना आधी पंख्याखाली बसवलं, सरबत दिलं, मग बोलू दिलं. भिंत, छप्पर, पाणी, धान्य. भात.

"घरात नेहमी राहणारी माणसं किती?"

दादा म्हणाला, "दोघं."

वहिनी आतून आली. "तीन लिहा गुरुजी. मी, हे, आणि नितेश. माझा दीर."

दादा हसला, म्हणाला, "तीनच?" वहिनीने त्याच्याकडे असं बघितलं की त्याने ग्लास उचलून उगाच तोंडाला लावला. "आज आहेत तेवढी लिहायची," ती म्हणाली. दादा मांजर धरत असेल. ती दुधापुरतीच येते.

गुरुजींनी माझ्याकडे बघितलं, मग दारामागच्या बॅगेकडे. "हे इथेच राहतात ना? नेहमी? कारण फिरते असतील तर मला तसं लिहिता येणार नाही. खोटी माहिती दिली तर, मॅडम, तुम्हाला माहीतच आहे."

"माहीत आहे," वहिनी म्हणाली. "राहतो. पुढेही राहणार आहे. मी सांगते ना."

गुरुजींनी लिहिलं. मला लोकांसमोर तोंड उघडायची परवानगी नाही.

ते गेल्यावर वहिनी म्हणाली, "बघतोयस काय? दारावर नंबर काढ. गुरुजींचा खडूचा आहे, पावसात जाईल."

गणपतीचा ब्रश बॅगेच्या तळाशी होता. तो काढायचा म्हणून आधी शर्ट काढले, पँट्स काढल्या, हेल्मेट काढलं. सगळं पलंगावर पडलं. नंबर काढून, बाजूला फूल काढून आत आलो तर झोपायला जागा नव्हती. म्हणून कपडे कपाटात ठेवले.

जेटीवाल्याला फोन केला. म्हटलं, जमणार नाही. त्याने कारण विचारलं. सांगितलं, मी गेलो तर आमच्या वहिनीवर केस होईल.